दहापैकी दहा

कैलासनं दहाही शब्द सांगितले. “बोट, मध, खुर्ची, पाऊस, ताट, घोडा, चावी, लिंबू, दोरी, कागद.”

मध्ये थांबला नाही. छताकडं बघितलं नाही. एकही शब्द पुढंमागं झाला नाही. मी ज्या क्रमानं वाचले होते त्याच क्रमानं त्यानं ते परत केले आणि म्हणाला, “झालं ना म्याडम?”

मी फॉर्मवर दहापैकी दहा लिहिलं. दाराबाहेर कोच येरझाऱ्या घालत होते. मॅच दोन दिवसांवर होती.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. संभाजीनगरात सिडकोला माझं क्लिनिक आहे. गुडघे, कंबर, आखडलेले खांदे, हे माझं रोजचं काम. पण तीन सीझन मी एका व्यावसायिक अमेरिकन फुटबॉल टीमची फिजिओ होते. हे सांगितलं की लोक विचारतात, फुटबॉल म्हणजे पायानं खेळतात तोच ना? तो नाही. यातला चेंडू लांबट असतो, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात धरून पळायचं किंवा फेकायचा. समोरचे अकरा जण तुम्हाला आडवं पाडायला टपलेले असतात. पाडणं हा फाऊल नाही, तोच खेळ आहे.

या खेळात प्रत्येक टीममध्ये क्वार्टरबॅक नावाचा एक माणूस असतो. प्रत्येक डावाआधी टीम घोळका करून उभी राहते, त्याला हडल म्हणतात. हडलमध्ये क्वार्टरबॅक फक्त एक नाव उच्चारतो. कोण कुठं पळणार, कोण कुणाला अडवणार, चेंडू कितव्या हाकेला सुटणार, सगळं त्या नावात असतं. इंग्रजी नावं आमच्या पोरांच्या तोंडात बसत नव्हती, म्हणून टीमनं डावांना शहरातल्या दरवाज्यांची नावं दिली होती. भडकल, मकई, रोशन, पैठण, कटकट. “कटकट डावा, दोनवर,” एवढं कैलास म्हणाला की दहा जण आपापल्या जागेवर जायचे. असे साठेक डाव त्याला पाठ होते. चेंडू हातात आल्यावर त्याच्याकडं तीन सेकंद असायचे. तेवढ्यात समोर कोण कुठं सरकलंय ते बघायचं आणि लांब पळणाऱ्या आपल्या माणसाच्या पुढ्यात चेंडू टाकायचा. तो आता आहे तिथं टाकून उपयोग नाही. तो पोचेल तिथं टाकायचा. म्हणजे हात लागतोच, पण डोकं जास्त लागतं.

कैलास वैजापूर तालुक्यातला. घरची शेती भाऊ बघायचा. हा कॉलेजात असताना भालाफेक करायचा. आमचे कोच खालिद सर शहागंजचे. हैदराबादला बरीच वर्षं खेळून, शिकवून परत आलेले. त्यांनी कैलासला भाला फेकताना पाहिलं आणि तिथंच म्हणाले, “बेटा, ये हाथ भाले में बेकार जा रा.” चार वर्षांत कैलास लीगमधला सगळ्यात भरवशाचा क्वार्टरबॅक झाला. त्याची बायको मनीषा तलाठी भरतीचा अभ्यास करायची. दोघं बीड बायपासला भाड्यानं राहायचे. त्याच्या दुखावलेल्या उजव्या खांद्यावर मी दोन सीझन काम केलं होतं. तो खांदा उभा राहिला त्याचा मला अभिमान होता. हे आधीच सांगते, कारण पुढं जे झालं त्यात या अभिमानाचाही हात होता.

त्या टेस्टच्या अकरा दिवस आधी, सरावात, एकानं त्याला मागून धरून पाडलं. हेल्मेटचा मागचा भाग जमिनीवर आपटला. तो तीन-चार सेकंद तसाच पडून राहिला. मी पळत गेले तोवर उठून बसला होता.

“काय झालं?”

“काय नाय म्याडम. दम गेला.”

पण त्याचे डोळे उजेडाला बारीक होत होते. नंतर पाण्याच्या टाकीमागं जाऊन तो ओकला. मी त्याला लगेच बाहेर काढलं. याला कन्कशन म्हणतात, मेंदूला बसलेला हादरा. डब्यात घट्ट दही असतं. डबा हातातून पडला तर डब्याला पोचा येत नाही, पण आतलं दही मोडतं. हेल्मेट डबा वाचवतं. दह्याचं त्याला काही करता येत नाही. शिवाय हे एक्सरेत दिसत नाही, स्कॅनमध्येही बहुतेकदा दिसत नाही. पहिला हादरा पूर्ण बरा व्हायच्या आत दुसरा बसला तर तो हलका असला तरी महागात पडतो.

मी त्याला पायऱ्यापायऱ्यांनी परत आणलं. आधी नुसती विश्रांती, मोबाइल बंद. मग चालणं, मग हलकं पळणं, मग थ्रो. प्रत्येक पायरीला मी विचारायचे, “डोकं दुखतंय?” तो म्हणायचा, “लई फ्रेश वाटतंय.” नवव्या दिवशी तो पंचेचाळीस यार्ड फेकत होता.

मधल्या काळात एक बातमी आली. परदेशातल्या एका मोठ्या लीगची दोन माणसं आमची पुढची मॅच बघायला येणार होती. त्यांना ट्रायलसाठी एक क्वार्टरबॅक हवा होता. कैलास सत्तावीसचा होता. पुढच्या वर्षी ते येतील की नाही, आणि आले तरी अठ्ठावीसच्या माणसाकडं बघतील की नाही, याची खात्री कुणालाच नव्हती. तो मला फक्त एकदा म्हणाला, “म्याडम, ही एकच गाडी आहे. हिच्यानंतर स्टँडावर गाडी नाय.”

राहिली होती शेवटची टेस्ट. यात खेळाडूला एका पायावर उभं करतात, महिने उलटे म्हणायला लावतात. आणि दहा शब्द वाचून दाखवतात, ते त्यानं लगेच आणि थोड्या वेळानं पुन्हा सांगायचे. छापील याद्या इंग्रजीत असतात. आमच्या पोरांसाठी मी स्वतः मराठीत चार याद्या केल्या होत्या. त्या एका निळ्या फाइलमध्ये असायच्या. ती फाइल फिजिओरूमच्या टेबलावर असायची, माझ्या कात्रीच्या आणि टेपच्या शेजारी. कपाटाला कुलूप होतं. मी ते कधी लावलं नाही.

आता ते दहा शब्द. धडधाकट माणूससुद्धा दहापैकी सहा-सात सांगतो. आधी शेवटचे दोन-तीन आठवतात, मग सुरुवातीचे, मधले गळतात. तीनदा वाचून दाखवल्यावर कुणी नऊवर जातो. पहिल्याच फेरीत दहा, तेही ओळीनं, मी तोवर कुणाचे पाहिले नव्हते. सीझनच्या सुरुवातीला, ठणठणीत असताना, कैलासनंच सात सांगितले होते. तो आकडा त्याच फॉर्मवर, डावीकडच्या रकान्यात होता. उजवीकडं मी आत्ता दहा लिहिलं होतं.

मला ते खटकलं. यात काही संदिग्ध नाही. मला पेन खाली ठेवून दुसरी यादी स्वतःच्या मनानं करता आली असती. आंबा, खिडकी, साबण, काहीही. दोन मिनिटांचं काम होतं.

खालिद सर आत आले. “मॅडम, लडका ठीक है?”

“टेस्टमध्ये पास आहे.”

“वो नहीं पूछ रा मैं. ठीक है क्या?”

कैलास माझ्याकडं बघत होता. मांडीवर हात ठेवून, पोरानं निकालाला बसावं तसा.

खालिद सर म्हणाले, “देखो, आप ‘नहीं’ बोलेंगे, तो मैं इसको बिठा देता. ऊपरवालों को मैं देख लूंगा. मगर बोलना आपको पडेगा.”

त्यांनी माझ्यावर दबाव आणला, असं मला कधीच म्हणता आलं नाही. म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं.

“ठीक आहे तो,” मी म्हणाले आणि सही केली.

कैलासनं वाकून माझ्या पायाला हात लावला. मी म्हणाले, “अरे, उठ.”

मॅच रविवारी दुपारी चारला सुरू झाली. परदेशी पाहुणे मांडवात खुर्च्यांवर बसले होते. पहिला हाफ कैलासनं असा खेळला की मी माझी शंका विसरून गेले. एक थ्रो त्यानं उलट्या दिशेला पळता पळता टाकला, आणि तो लांब पळणाऱ्या आपल्या माणसाच्या हातात गेला. मांडवातला एक पाहुणा उभा राहिला. खालिद सर माझ्याकडं वळून नुसते हसले.

मध्यंतरानंतर, तिसऱ्या क्वार्टरमध्ये, तो पडला. पाडलं असंही म्हणता येणार नाही. एकाचा खांदा त्याच्या हेल्मेटला घासून गेला आणि तो एका गुडघ्यावर बसला. प्रेक्षकांतून आवाजसुद्धा आला नाही. तो उठला, चालत हडलमध्ये गेला. मी बाजूच्या रेषेवर उभी राहून मोजत होते. क्वार्टरबॅक हडलमध्ये दहा-बारा सेकंदांत नाव सांगतो आणि घोळका फुटतो. बारा झाले. वीस झाले. दहा जण वाकून त्याच्या तोंडाकडं बघत होते आणि घोळका फुटत नव्हता. डाव सुरू करायची वेळ संपल्याची शिट्टी वाजली. सेंटरवाला खेळाडू, जो त्याला चेंडू देतो, त्यानं मान वर करून आमच्याकडं बघितलं आणि हात हलवला.

मी पळाले. इतकी की बॅग रेषेवरच राहिली.

“कैलास, कोणता डाव सांगत होतास?”

त्यानं माझ्याकडं बघितलं. ओळखलं असावं. म्हणाला, “गाडी कुठं लावली आपण?”

“कोणती गाडी?”

“मनीषा उन्हात उभी असंल ना.”

मनीषा मॅचला आली नव्हती. ती घरी होती. त्यानं एक पाऊल टाकलं, समोरच्या टीमच्या बाकाकडं. मग त्याचे पाय गेले. सेंटरनं आणि मी त्याला धरला. हेल्मेट काढलं तोवर तो ओकायला लागला होता.

जालना रोडवरच्या हॉस्पिटलमध्ये नेलं. स्कॅन झाला. न्यूरोलॉजिस्ट बाहेर येऊन म्हणाले, “रक्तस्राव नाही. स्कॅन नॉर्मल आहे.” टीमच्या मॅनेजरनं हात जोडले. मला हात जोडता आले नाहीत. मेंदूत रक्त साचलं असतं तर सर्जनला काढता आलं असतं. नॉर्मल स्कॅनमधून काय काढणार?

तिसऱ्या दिवशी सकाळी मी वॉर्डात गेले. पडदे ओढलेले होते, त्याला उजेड सोसत नव्हता. तो झोपला होता. मनीषा स्टुलावर बसली होती. मला बघून उठली आणि व्हरांड्यात आली.

“म्याडम, एक विचारायचं होतं. खरं सांगाल?”

“सांग ना.”

“ते दहा शब्द. बोट, मध, खुर्ची. त्यो फायलीचे फोटो घेऊन आला होता. म्हणला, खेळाची लेखी परीक्षा आहे, पास झालं की फॉरेनला. चार याद्या होत्या. त्याला काही राहीना डोक्यात. चार शब्द झाले की डोकं धरून बसायचा.”

मी वॉर्डाचं दार लोटून घेतलं.

“मग मी माझ्या पद्धतीनं पाठ करून घेतलं. आम्ही भरतीला तशाच याद्या करतो, गोष्ट बनवून. बोट मधात बुडवलं, खुर्चीवर बसलो, पाऊस आला. रोज सकाळी चहा करताना म्हणून घ्यायचे. आठ दिवस. चुकला की परत पहिल्यापासून.” तिचा आवाज इथवर सरळ होता. “मला काय माहीत, डोक्यात काही राहत नाही हाच त्याचा आजार होता. मला वाटलं अभ्यासाची सवय नाय म्हणून. म्याडम, माझ्यामुळं झालं का हे?”

“नाही,” मी म्हणाले. “सही माझी आहे.”

“पण तुम्हाला कुठं माहीत होतं?”

या वाक्याच्या आडोशाला मी उभी राहू शकले असते. त्या दिवशी राहिलेही. तिला म्हणाले, “तू आत जा, तो उठेल.”

टीमनं चौकशी केली. तिघांची समिती होती. मी त्यांना सगळं सांगितलं. फाइल उघडी होती, डावीकडं सात आणि उजवीकडं दहा होतं, शब्द ओळीनं आले होते, मला खटकलं होतं. अध्यक्षांनी फॉर्म दोनदा वाचला. “मॅडम, नापास व्हायला काही गुण कमी पडावे लागतात. इथं तर कमी पडलेलेच नाहीत. खटकलं ते कुठं लिहिलंय?”

“कुठंच नाही.”

“मग झालं तर.”

प्रोटोकॉल पूर्णपणे पाळला गेला, असा अहवाल आला. मी निर्दोष ठरले. महिन्याभरात मी टीम सोडली.

परदेशी पाहुण्यांनी दुसऱ्या टीमचा एक पोरगा नेला. कैलास आणि मनीषा वैजापूरकडं गावी राहायला गेले. मी फोन करायचे. सुरुवातीला न्यूरोलॉजिस्ट तीन महिने म्हणाले होते, मग सहा, मग त्यांनी महिने सांगणं बंद केलं. मनीषा परीक्षेला निघाली त्या सकाळी कैलास मोरीत चक्कर येऊन पडला. ती गेली नाही. पुढच्या परीक्षेचा फॉर्म तिनं भरलाच नाही.

वर्ष होत आलं तेव्हा खालिद सर आणि मी त्याला भेटायला गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता, डोळ्यांवर काळा चष्मा. वजन वाढलं होतं. “या म्याडम,” म्हणाला, पण सरांचं नाव त्याला घ्यायला वेळ लागला. सरांनी चेंडू आणला होता. मला ते नको होतं, पण त्यांना राहवलं नाही. दहा पावलांवरून त्यांनी हळूच टाकला. कैलासचे हात उशिरा वर आले. चेंडू छातीवर आपटून खाली पडला.

तो हसला. “दोन येत्यात सर. कोणता धरू?”

सर चेंडू उचलायला वाकले ते बराच वेळ वाकूनच राहिले. मग चेंडू घेऊन गोठ्याच्या दिशेनं चालत गेले.

कैलास माझ्याकडं वळला. “म्याडम, मनीषा म्हणती, तुम्हाला माहीत नव्हतं. मी म्हणतो, म्याडमला माहीत असंल. तुम्ही माझ्या खांद्याला हात लावून सांगायच्या, आज डावीकडं झोपला होता म्हणून. तुमच्यापासून काय लपतंय?”

“खटकलं होतं मला,” मी म्हणाले.

“व्हय ना? मग थांबवलं का नाय?”

“तुला जायचं होतं, कैलास.”

त्यानं थोडा विचार केला. बोलण्याआधी त्याला आता असं थांबावं लागायचं. मग अगदी शांतपणे म्हणाला, “मला तर जायचंच होतं. मी खेळणारा. थांबवायचं काम तुमचं होतं ना?”

त्याच्या आवाजात राग नव्हता. रोशन डाव्याला कुणी कुणाला अडवायचं, हे नव्या पोराला समजावून सांगावं तसा तो मला सांगत होता. मी “हो” म्हणाले. मनीषानं चहा आणला. तो आम्ही प्यायलो. निघताना त्यानं विचारलं, “तुम्ही आल्या कशानं, बसनं का?” हे त्यानं तासाभरात तिसऱ्यांदा विचारलं होतं. “गाडीनं,” मी तिसऱ्यांदा सांगितलं.

आता तो भावाच्या कृषी सेवा केंद्रात सकाळचे दोन तास बसतो. बाटल्यांवरची नावं वाचताना ओळी हलतात, म्हणून गोण्या लावून घेतो. ऊन चढलं की घरी जातो.

माझ्याकडं अजूनही खेळाडू येतात. कबड्डीवाले, कुस्तीवाले, शाळेतली पोरं. डोक्याला मार लागलेला असला की मी टेस्ट घेते, याद्या दर वेळी नव्या करते, आणि कपाटाला कुलूप लावते. पण निर्णय टेस्टवर सोडत नाही. काही खटकलं की खेळाबाहेर बसवते. कारण सांगता येत नसलं तरी बसवते. आई-वडील भांडतात, कोच दुसऱ्या फिजिओकडं घेऊन जातात. मी ज्यांना बसवते त्यांतले निम्मे तरी बरे असतील. असू देत.

माझं काम आता पुष्कळ सुधारलं आहे. कैलासला त्याचा काही उपयोग नाही.